तीन थरांचा चॉकलेट बार घरी का फसतो? उत्तर सापडते कोल्हापूरच्या गुऱ्हाळात

राखी पौर्णिमेपासून नाताळापर्यंत घरी केलेल्या चॉकलेटचे बॉक्स भेट देण्याची पद्धत आता शहरांत रुळली आहे. साच्यात ओतलेले साधे चॉकलेट जमले की पुढची उडी थरांच्या बारची असते. खाली मऊ नूगा, त्यावर शेंगदाणे घातलेले कॅरॅमल आणि भोवती चॉकलेटचे कवच. दुकानात सहज मिळणारा हा बार घरी करायला गेले की कॅरॅमल वाहते किंवा दाताला चिकटते, नूगा बसतो आणि चॉकलेटवर पांढरे डाग उठतात. चूक हाताची नसते, बहुतेक वेळा ती चार-पाच अंशांची असते. उसाच्या रसाचा पाक नेमका कधी उतरवायचा हे पिढ्यान् पिढ्या जाणणाऱ्या कोल्हापूरला हे गणित खरे तर नवीन नाही. हा बार कसा घडतो, कुठे बिघडतो, त्यात गूळ चालतो का आणि तो विकायचा असेल तर काय पाळावे लागते, याचा हा आढावा.

या बारमध्ये नेमके असते काय?

नूगा म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कढत साखरेचा पाक ओतून केलेला, हवा भरलेला, चिवट-मऊ पदार्थ. काही जण त्याला नुगट म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात मध आणि बदाम घालून तो शेकडो वर्षे केला जातो. कॅरॅमल म्हणजे साखर, दूध किंवा क्रीम आणि लोणी एकत्र आटवून केलेला मऊ पाक. तिसरा थर चॉकलेटचा.

हे तिन्ही एकत्र आणून बार करण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकात रुजली. फ्रँक मार्स यांनी १९२३ मध्ये 'मिल्की वे' बाजारात आणला. नूग्यात हवा असल्याने बार आकाराने मोठा दिसतो आणि महागडे चॉकलेट फक्त बाहेरून लागते, हे त्यामागचे व्यापारी गणित होते. १९३० मध्ये त्यात शेंगदाण्यांची भर घालून 'स्निकर्स' आला. फ्रँक यांचे पुत्र फॉरेस्ट मार्स यांनी १९३२ मध्ये इंग्लंडमधील स्लाऊ येथे 'मार्स बार' सुरू केला. याच कंपनीचा कारखाना आज पुणे जिल्ह्यातील खेड येथे आहे.

सारा खेळ तापमानाचा का?

साखर पाण्यात विरघळवून उकळत ठेवली की पाणी उडत जाते आणि पाकाचे तापमान चढत जाते. म्हणजेच पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी उरले आहे याचे माप असते. पाणी जास्त उरले तर पदार्थ मऊ, कमी उरले तर कडक.

मराठी स्वयंपाकघरात हेच टप्पे वेगळ्या नावांनी ओळखले जातात. एकतारी पाक, दोनतारी पाक, मग गोळीबंद पाक. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकल्यावर त्याची बोटाने मऊ गोळी वळता आली तर पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला पोहोचलेला असतो. गोळी घट्ट पण दाबली जाणारी झाली की ११८ ते १२०. १२१ ते १३० अंशांत गोळी टणक होते. १४६ अंशांच्या पुढे पाक पाण्यात पडताच काचेसारखा तडकतो. चिक्की कुरकुरीत व्हायची तर पाक या शेवटच्या टप्प्याजवळ जावा लागतो.

बारमधील कॅरॅमलला ११८ अंशांच्या आसपासचा पाक लागतो. ११३ ला उतरवले तर कापल्यावर ते कडेने ओघळते. १२५ ला उतरवले तर दाताला चिकटते. नूग्याचा पाक मात्र १२५ अंशांपर्यंत न्यावा लागतो, कारण पुढे अंड्याच्या बलकातील पाणी त्यात मिसळणार असते. दोन्ही थरांचे पाक वेगळे, म्हणून ते एकाच भांड्यात किंवा अंदाजाने करता येत नाहीत.

गुऱ्हाळाचा याच्याशी काय संबंध?

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवला जातो. चुना आणि भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणली जाते, ती काढली जाते. शेवटच्या टप्प्यात सगळी जबाबदारी गुळव्यावर येते. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायची वेळ ठरवतो. काकवी हवी असेल तर पाक १०५-१०६ अंशांवरच काढला जातो. घट्ट रवे धरायचे असतील तर तो ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो. दोन-तीन अंश आधी उतरवला तर गूळ पाघळतो, उशीर झाला तर करपतो.

म्हणजे गुळाची काहील उतरवण्याचे तापमान आणि बारमधील कॅरॅमलचे तापमान जवळजवळ एकच आहे. फरक इतकाच की काहिलीत शेकडो लिटर रस असतो, त्यामुळे तापमान हळू चढते. घरच्या छोट्या पातेल्यात शेवटचे पाच अंश मिनिटभरात ओलांडले जातात. म्हणून ११० अंशांनंतर गॅस मंद करणे आणि जाड बुडाचे पातेले वापरणे हे दोन नियम महत्त्वाचे ठरतात.

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारामुळे भरभराटीला आली. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रही कोल्हापुरातच आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाकाचे शास्त्र या शहराच्या अर्थकारणाचा भाग आहे, ते केवळ हौसेपुरते नाही.

पाककृतीतला आकडा कोल्हापुरात का चुकतो?

इंटरनेटवरच्या किंवा परदेशी पुस्तकांतल्या पाककृतींतील अंश हे समुद्रसपाटीचे असतात. तिथे पाणी १०० अंशांना उकळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. त्यामुळे कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

पाकालाही हाच नियम लागू पडतो. मुंबईत ११८ अंशांना जेवढे पाणी पाकात उरते, तेवढे कोल्हापुरात ११६ अंशांनाच उरते. आकडा जसाच्या तसा पाळला तर कॅरॅमल दोन अंश जास्त आटलेले, म्हणजे हवे त्याहून चिवट होते. महाबळेश्वर-पाचगणीला हा फरक चार अंशांच्या पुढे जातो.

यावर सोपा उपाय आहे. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर आधी खळखळ उकळत्या पाण्यात धरावा. तो ९८ दाखवत असेल तर पाककृतीतल्या प्रत्येक आकड्यातून २ वजा करावेत. ९७ दाखवत असेल तर ३. यात उंचीचा फरकही येतो आणि थर्मामीटरची स्वतःची चूकही. ताप मोजण्याचा थर्मामीटर या कामाला वापरू नये. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्याची वाटी आहेच. गोळीची परीक्षा उंचीने बदलत नाही, ती कुठेही खरी ठरते.

नूगा कसा करतात?

आठ इंची, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला पुरेल असे प्रमाण पुढीलप्रमाणे. एका अंड्याचा पांढरा बलक, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ६० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे दूध पावडर आणि दोन मोठे चमचे पीनट बटर.

साखर, ग्लुकोज आणि पाणी एकत्र उकळत ठेवावे. उकळी आली की ढवळणे बंद करावे. पातेल्याच्या कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली ढकलावेत, कारण एक कणही पुढे सगळा पाक रवाळ करू शकतो. पाक ११५ अंशांच्या पुढे गेला की दुसऱ्या भांड्यात बलक आणि मीठ बीटरने फेटायला घ्यावे. बलकाची टोके उभी राहिली पाहिजेत. पाक १२५ अंशांना, म्हणजे कोल्हापुरात १२३ ला, पोहोचला की बीटर चालू ठेवून बारीक धारेने बलकात सोडावा. एकदम ओतला तर बलक शिजून गुठळ्या होतात.

पाच ते सात मिनिटे फेटल्यावर मिश्रण पांढरेशुभ्र, चमकदार आणि जड होते. मग दूध पावडर आणि शेवटी पीनट बटर हलक्या हाताने मिसळायचे. पीनट बटरमधील तेलामुळे नूगा रबरासारखा ताणला न जाता दाताखाली सहज तुटतो. पण तेल फेसाचा शत्रू असते, म्हणून ते आधी घालायचे नाही. त्याच कारणाने भांडे आणि बीटर यांना तुपाचा अंशही लागलेला नसावा.

अंड्याशिवाय नूगा होतो का?

होतो. भारतात विकला जाणारा 'स्निकर्स'ही अंड्याविना केलेला आहे. कारखान्यात अंड्याऐवजी दुधाची किंवा सोयाची प्रथिने वापरता येतात. घरी सर्वात जवळचा पर्याय म्हणजे छोले किंवा काबुली चणे शिजवलेले पाणी. चणे मीठ न घालता शिजवावेत, गाळलेले पाणी मंद आचेवर आटवून बलकासारखे घट्ट करावे आणि थंड करून त्यातले दोन मोठे चमचे घ्यावे. लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब घालून फेटले की त्याचाही फेस उभा राहतो. वेळ मात्र दुप्पट लागतो आणि नूगा थोडा मऊच राहतो.

काही जण कंडेन्स्ड मिल्क आणि दूध पावडर आटवून खालचा थर करतात. तो चवीला उत्तम लागतो, पण त्यात हवा नसते. तो नूगा नसून दुधाची बर्फी असते. जिलेटिन वापरून केलेला थर छान फुलतो, पण जिलेटिन प्राणिजन्य असते. शाकाहारी ग्राहकासाठी तो पर्याय होऊ शकत नाही.

कॅरॅमल रवाळ का होते, फाटते का?

याच ट्रेसाठी १५० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, २०० मिलिलिटर फ्रेश क्रीम, ४० ग्रॅम लोणी आणि पाव चमचा मीठ लागते. शिवाय भाजून साले काढलेले १५० ग्रॅम शेंगदाणे.

कॅरॅमल रवाळ होते ते साखरेचे पुन्हा स्फटिक बनल्याने. लिक्विड ग्लुकोजचे वेगळ्या घडणीचे रेणू साखरेच्या रेणूंना एकमेकांशी जुळू देत नाहीत, म्हणून ते वगळू नये. पाकात लिंबू पिळण्याचा घरगुती उपायही याच तत्त्वावर चालतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग तुटतो आणि स्फटिक धरत नाही. पण दुधाच्या कॅरॅमलमध्ये लिंबू घातले तर दूध फाटते, म्हणून इथे ग्लुकोजच बरे.

साखर आणि ग्लुकोज थोड्या पाण्यात उकळून फिकट सोनेरी करावे. गॅस मंद करून कोमट केलेले क्रीम थोडे थोडे घालावे. थंड क्रीम घातले तर मिश्रण उसळते आणि पाकाचा गोळा होतो. मग लोणी घालून ११८ अंशांपर्यंत, कोल्हापुरात ११६ पर्यंत, सतत ढवळत आटवावे.

नुसती साखर १६० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय तांबूस होत नाही. तरी दुधाचे कॅरॅमल १२० अंशांच्या आतच रंग धरत राहते. याचे कारण दुधातील प्रथिने आणि साखर यांची अभिक्रिया. नृसिंहवाडीच्या बासुंदीचा फिकट गुलाबी रंग आणि बेळगावच्या कुंद्याचा गडद तपकिरी रंग याच अभिक्रियेतून येतो. बाजारातील क्रीमऐवजी म्हशीच्या दुधाची साय वापरायची असेल तर ती थोड्या दुधाबरोबर मिक्सरमधून फिरवून गाळून घ्यावी. नाही तर कॅरॅमलमध्ये सायीचे तुकडे राहतात.

साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ चालेल?

चालेल, पण पूर्ण नव्हे आणि थेटही नव्हे. गुळाची खीर करताना दूध शेवटी, खीर निवल्यावर घालतात. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि उष्णतेत त्या आम्लामुळे दूध फाटते. कॅरॅमलमध्ये तेच घडते.

निम्मी साखर आणि निम्मा गूळ, म्हणजे प्रत्येकी ७५ ग्रॅम, हे प्रमाण घरी सांभाळायला सोपे जाते. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यातील कचरा निघतो. मग त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. फेस येऊन आम्लपणा कमी होतो. त्यानंतरच साखर, ग्लुकोज आणि शेवटी कोमट क्रीम. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच.

गुळात साखरेचे तुटलेले रूप आधीच असते. त्यामुळे गुळाचे कॅरॅमल सहसा रवाळ होत नाही आणि ग्लुकोज ७५ ऐवजी ५० ग्रॅम पुरते. पण हेच घटक हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात गुळाच्या रव्याला पाणी सुटते, तसेच या कॅरॅमललाही सुटते. आषाढ-श्रावणात गुळाचा बार करायचा असेल तर तो कापल्या कापल्या चॉकलेटमध्ये बुडवावा. कवच हेच त्याचे रेनकोट.

नूग्यात मात्र गूळ घालू नये. त्याचा रंग, क्षार आणि ओलावा तिन्ही फेसाला मारक ठरतात.

थर कसे रचायचे?

ट्रेला बटर पेपर लावून त्यावर तुपाचा हात फिरवावा. नूगा कोमट असतानाच पसरावा आणि ओल्या किंवा तूप लावलेल्या चमच्याने सपाट करावा. तो पूर्ण निवल्याशिवाय वर कॅरॅमल ओतू नये. कॅरॅमलमध्ये शेंगदाणे मिसळून पाच-सात मिनिटे निवू द्यावे आणि मग ओतावे. कढत ओतले तर खालचा नूगा वितळतो आणि दोन थरांचा एकच लगदा होतो. अगदी गार ओतले तर थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना सुटतात.

तीन-चार तास, शक्यतो रात्रभर, थंड जागी ठेवून मग कापावे. पाते गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात कापायचे. करवतीसारखे पुढे-मागे केले तर कॅरॅमल ओढले जाते. १० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असे कापले तर २० बार होतात. त्यांना बुडवण्यासाठी साडेचारशे ते पाचशे ग्रॅम चॉकलेट जवळ असावे.

एक इशारा महत्त्वाचा. कढत पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो. पाक गॅसवर असताना लहान मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नये. भाजलेच तर जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड आले किंवा जागा मोठी असेल तर डॉक्टरांकडे जावे.

चॉकलेट वापरावे की कंपाउंड?

कोल्हापुरातील बेकरी साहित्याच्या दुकानात 'स्लॅब' मागितला की बहुधा कंपाउंडच मिळते. चॉकलेटमधील मेद कोको बटरचा असतो. कंपाउंडमध्ये त्याऐवजी वनस्पतीजन्य मेद असतो, तर चव कोको पावडरची. कंपाउंड स्वस्त पडते, नुसते वितळवून वापरता येते आणि उन्हाळ्यात अधिक तग धरते.

खरे चॉकलेट वितळवून तसेच वापरले तर ते चिकट राहते आणि त्यावर पांढुरके पट्टे उमटतात. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यातील एकच प्रकार चमक, कडकपणा आणि तोडताना होणारा 'कट्ट' असा आवाज देतो. तो मिळवण्याच्या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. घरी करायची सोपी रीत अशी. डार्क चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवावा. खाली उतरवून उरलेला एक तृतीयांश भाग बारीक करून त्यात घालावा आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळावे. मिल्क चॉकलेटसाठी हा आकडा २९-३० अंश. सुरीच्या टोकावर थोडे घेऊन ठेवले आणि थंड खोलीत पाच मिनिटांत ते चमकदार घट्ट झाले, तर टेम्परिंग साधले. या कामात पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाटून गोळा होते.

चॉकलेट आणि कंपाउंड एकत्र करून मधला मार्ग काढायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. दोन्ही मेदांचे स्फटिक जुळत नाहीत, कवच मऊ पडते आणि लवकर पांढरे होते.

उन्हाळा आणि पावसाळ्यात काय?

योग्य टेम्परिंग केलेले चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळते. मार्च ते मे या काळात कोल्हापूरचा पारा याच्या वर जातो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम. उन्हाळ्यात करायचेच असेल तर पहाटे करावे आणि पोहोचवण्यासाठी थंड पेटी वापरावी.

फ्रिज हा उपाय वाटतो, पण तो अर्धाच उपाय आहे. फ्रिजमधून काढलेला बार उघड्या हवेत ठेवला की त्यावर दव जमते, साखर विरघळते आणि पाणी सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. म्हणून बार आधी हवाबंद डब्यात भरावेत, मग फ्रिजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. पांढरे डाग म्हणजे बुरशीच असे नसते. पण लव दिसली, कुबट वास आला किंवा कॅरॅमलला आंबूस चव आली तर बार फेकून द्यावा.

शेंगदाण्यांबाबत विशेष काळजी हवी. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी लागलेले दाणे निवडून टाकावेत. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. घरचे बार दोन आठवड्यांत संपवलेले उत्तम.

घरून विकायचे असतील तर?

स्वयंपाकघर घरातले असले तरी अन्नपदार्थ विकणारा प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीने अन्न व्यावसायिक असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. लहान व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी आणि मोठ्यांसाठी परवाना, अशी रचना आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. घटक पदार्थ, वजन, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत खावे हेही लिहावे लागते.

या बारच्या बाबतीत तीन गोष्टी टाळून चालत नाहीत. पहिली, शेंगदाणे, दूध, सोया आणि अंडे यांचा स्पष्ट उल्लेख. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. दुसरी, अंडे किंवा जिलेटिन असेल तर शाकाहाराचे हिरवे चिन्ह लावता येत नाही, तपकिरी त्रिकोणच लावावा लागतो. तिसरी, कंपाउंडचे कवच असेल तर तो बार 'चॉकलेट' म्हणून विकता येत नाही.

या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. बाहेरून आलेला गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला जातो, ही इथल्या गूळ उत्पादकांची जुनी तक्रार आहे. गुऱ्हाळघरांची संख्या घटत असताना नावाची ही उसनवारी त्यांना अधिकच झोंबते. जे गुळाच्या नावाला लागू, तेच चॉकलेटच्या नावाला. पाकिटावर 'कोल्हापुरी गुळाचे कॅरॅमल' असे लिहिले तर आत तोच गूळ हवा.

खर्चाचे गणित बसते का?

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथले पीक घटल्याने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. २०२५ मध्ये भाव उतरले, मात्र या चढउताराने छोट्या व्यावसायिकांचे अंदाज कोलमडले. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि साखरेच्या मिठाईवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे कारखान्यातील बारही स्वस्त होण्यास वाव मिळाला आणि किमतीच्या स्पर्धेत घरगुती बार टिकणे अवघडच झाले.

घरगुती बारची बाजू वेगळी आहे. त्यात ताजे भाजलेले दाणे, चांगले लोणी, अंड्याचा किंवा बिनअंड्याचा पर्याय आणि आपल्या मातीतला गूळ असू शकतो. थरांच्या बारमध्ये चॉकलेटचा वाटा वजनाने निम्म्याहून बराच कमी असतो, त्यामुळे भरीव चॉकलेटपेक्षा त्याला कोकोच्या भावाची झळही कमी बसते. शंभर वर्षांपूर्वी मिल्की वेने मांडलेले हे गणित आजही बदललेले नाही.

पहिल्याच खेपेला वीसही बार सारखे उतरतील अशी अपेक्षा मात्र धरू नये. आधी फक्त कॅरॅमलची छोटी खेप करावी, तापमान वहीत लिहावे, दुसऱ्या दिवशी कापून बघावे. ते जमले की नूगा, आणि शेवटी टेम्परिंग. ऑर्डर घेणाऱ्यांनी तर दिवाळीच्या तोंडावर नव्हे, त्याआधी दोन महिने हा सराव संपवलेला बरा.